महाद्वारीचे संत श्रीचोखामेळा

पंढरपुरी श्रीविठ्ठलमंदिराच्या महाद्वारी, नामदेव पायरीसमोर, श्रीचोखोबारायांची समाधी आहे. आपल्या दूधगंगाकाठचे वारकरी प्रथम तेथे मस्तक टेकवितात आणि मग आत जातात. हयातीत ज्यांना तो उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांनाच आज आधी वंदन घडते. पवित्र कशास म्हणावे, हा प्रश्न या चरित्राइतका रोखठोक अन्यत्र क्वचितच उभा राहतो.

चोखोबा जातीने महार, राहणे मंगळवेढ्यास. मेलेली गुरे ओढणे, गावाची पडेल ती कामे करणे, हा त्यांचा जन्मप्राप्त व्यवसाय. संत नामदेवांच्या सहवासात त्यांस विठ्ठलभक्तीचा मार्ग लाभला. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, भगिनी निर्मळा आणि तिचे पती बंका, या सर्वांनी अभंगरचना केली. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले, असे परंपरा सांगते.

या कुटुंबाने विटाळाचा जो विचार केला, तो आजही अंतर्मुख करणारा आहे. सोयराबाईंचे म्हणणे असे की, देह विटाळातूनच जन्मतो. मग विटाळाविरहित देह कोणाचा? आत्मा तर सर्वांचा शुद्धच आहे. पुत्र कर्ममेळा याहून परखड. आपणांस हीन जन्म का दिला, असा जाब तो थेट देवासच विचारतो.

शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांसमवेत चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. नामदेवांनी तेथे जाऊन, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचल्या आणि महाद्वारी आणून ठेवल्या, अशी कथा आहे. अस्थी द्वारापर्यंत आल्या. परंतु त्यांच्या ज्ञातिबांधवांना ते द्वार उघडण्यास सहाशे नऊ वर्षे लागली. त्यासाठी मे १९४७ मध्ये साने गुरुजींस पंढरपुरी प्राणांतिक उपोषण करावे लागले.

आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलो. लहानपणी सोवळ्याने पूजेचे पाणी आणताना एका सवंगड्याचा हात घागरीस लागला, तेव्हा आम्ही त्याच्यादेखत ती ओतून दिली. त्याचा उतरलेला चेहरा आम्हांस अद्याप आठवतो. घागर पुन्हा भरता आली; तो मुलगा मात्र पुन्हा आमच्याबरोबर खेळावयास आला नाही.

सोवळे ही पूजा करणाराने स्वतःस लावून घ्यावयाची शिस्त आहे. दुसऱ्याचे मोल ठरविण्याचे ते माप नव्हे. स्पर्शाने होणारा विटाळ स्नानाने जातो, असे शास्त्र मानते. देवाचे नाव पुढे करून माणसास हीन लेखणे, हे मात्र असे पाप आहे की ते कोणत्याही नदीत धुतले जात नाही. दाराबाहेर उभे राहूनही ज्यांच्या मनात देवाविषयीचे प्रेम आटले नाही, ते चोखोबाच खरे पवित्र. पुढील वारीस त्या समाधीपुढे वाकताना आपण सर्वांनी याचे स्मरण ठेवावे, ही विनंती.