डॉ. होमी भाभा : भारतीय अंतराळ संशोधनाचे पायाभरणीकार

टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून शास्त्रीय उपकरणे बांधलेले प्रचंड फुगे आकाशात सोडते. ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर काम आटोपले की ही उपकरणे पॅराशूटच्या साहाय्याने दूरवर उतरतात. ती सापडल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे, असे आवाहन ज्या जिल्ह्यांतील नागरिकांना करण्यात आले आहे, त्यांत नांदेडही आहे. माहूरच्या एखाद्या शेतातही उतरू शकतील अशा या उपकरणांमागे मूळ दूरदृष्टी आहे ती डॉ. होमी जहांगीर भाभा यांची.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या इच्छेनुसार १९२७ साली ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. ती परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर मात्र ते आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले. अंतराळातून येणारा एक विश्वकिरण वातावरणात शिरताच असंख्य कणांचा वर्षाव कसा होतो, हे त्यांनी १९३७ साली वाल्टर हाइटलर यांच्यासमवेत उलगडून दाखविले.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग खुंटल्यामुळे त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्य आरंभिले. तेथेच तरुण विक्रम साराभाई यांचा सहवास त्यांना लाभला. युद्ध संपल्यानंतरही भाभा परत गेले नाहीत. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. विश्वकिरणांचा वेध घेण्यासाठी तेथे उंच जाणारे फुगे बनविण्यात येऊ लागले.

१९६१ साली अंतराळ संशोधनाची जबाबदारी भाभांच्या अणुऊर्जा विभागाकडे आली. १९६२ साली त्यासाठी राष्ट्रीय समिती नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे सोपविण्यात आले. अग्निबाण सोडण्यासाठी चुंबकीय विषुववृत्तालगतची जागा हवी होती. केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा हे मच्छीमारांचे गाव सर्वांत योग्य ठरले. परंतु तेथे संत मरीया मग्दालिया यांचे चर्च व कोळी बांधवांची घरे होती. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या मिस्साच्या वेळी भाविकांपुढे हा विषय मांडला. भाविकांनी आपले प्रार्थनास्थळ व राहती घरे विज्ञानासाठी दिली. त्याच चर्चमध्ये शास्त्रज्ञांची कार्यशाळा उभी राहिली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबाहून पहिला अग्निबाण झेपावला. आज त्या वास्तूत अंतराळ संग्रहालय आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभांचे निधन झाले. ते अवघे ५६ वर्षांचे होते. १९७५ सालचा आर्यभट्ट उपग्रह वा २०२३ साली चंद्रावर उतरलेले चांद्रयान-३ त्यांना पाहता आले नाही. थुंबाच्या कोळी बांधवांनीही पुढे काय घडणार हे ठाऊक नसताना आपली जागा रिकामी केली होती. आज माहूरचा शेतकरी उपग्रहांच्या आधारे वर्तविलेला पावसाचा अंदाज ऐकून पेरणीचा विचार करतो, त्यामागे या दोघांचेही ऋण आहे.