पालवणकर बाळू आणि पुण्याचे दोन क्लब

कोलकाता शहरात मोहन बागान व ईस्ट बंगाल असे दोन फुटबॉल क्लब आहेत आणि त्यांचा सामना असला म्हणजे सारे शहर दुभंगते, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगावयास नको. मधल्या सुट्टीत त्यावरून झालेले वाद आम्ही ऐकलेले आहेत. पहिला क्लब १८८९ सालचा. दुसऱ्याच्या जन्माची हकिकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. १९२० च्या जुलै महिन्यात मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यातून जोडाबागान क्लबाने शैलेश बोस ह्या पूर्व बंगालच्या खेळाडूस वगळले. ते सहन न होऊन त्या क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले व ऑगस्टात ईस्ट बंगाल क्लब उभा राहिला. एकास बाहेर ठेवल्यामुळे तेथे चुरस जन्मास आली. त्याच्या कितीतरी आधी आमच्या महाराष्ट्रात, क्रिकेटच्या मैदानावर, नेमके उलट घडले होते. पुण्यातील दोन क्लबांच्या चुरशीपायी, बाहेर ठेवलेल्या एका माणसास आत घेणे भाग पडले. त्या माणसाचे नाव पालवणकर बाळू.

पालवण हे गाव रत्नागिरीकडचे. कोकणातील माणसाने गाव सोडावे, पण गावाचे नाव आडनावात बांधून न्यावे, ही रीत आम्हांस चांगली परिचयाची आहे. बाळूंचा जन्म मात्र धारवाडला, १८७५-७६ च्या सुमारास झाला. घराणे चर्मकार समाजातील. वडील लष्कराच्या सेवेत. पुण्यात लहानपण गेले, आणि गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या सामानावर हे भाऊ क्रिकेट शिकले, असे म्हणतात. पोटासाठी बाळूंनी प्रथम पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरविण्याचे काम धरले. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात गेले. तेथे चार रुपये मिळत. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी उभारावी, टेनिसच्या रेघा आखाव्यात, असे ते काम होते.

रिकाम्या वेळी साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकण्यास कोणीतरी हवे असे. बाळू डावखुरे होते, हात सफाईदार होता, चेंडू कधी आत वळे, कधी बाहेर. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित इंग्रज फलंदाज इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंकडून गोलंदाजी करवून घेई. बाद केल्यास प्रत्येक वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे; खरी असल्यास बाळूंना चार रुपयांच्या पगारापेक्षा ग्रेगच्या दांड्यांतच अधिक प्राप्ती झाली असेल! अशा रीतीने शेकडो तास त्यांनी चेंडू टाकले. फलंदाजी करण्यास मात्र त्यांना कोणी सांगितले नाही. साहेबांच्या मैदानावर बॅट हा साहेबांचा हक्क होता.

त्याच पुण्यात हिंदूंचा एक क्लब होता व पूना जिमखान्यास हरवावे ही त्याची मनीषा होती. मैदानावर रूळ फिरविणाऱ्या ह्या तरुणाची कीर्ती क्लबाच्या कानी आली, आणि तेथे मोठा पेच पडला. अस्पृश्य मानलेल्या माणसास संघात घ्यावे किंवा नाही? क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल होते. पुण्याचे ब्राह्मण सभासद बिचकत होते. ह्या वेळी ग्रेगनेच वृत्तपत्रातून आपले मत जाहीर केले की, अशा गोलंदाजास वगळणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल. प्रतिस्पर्ध्याने दिलेला हा सल्ला क्लबाने मानला. ह्यात न्यायबुद्धी किती आणि जिंकण्याची हाव किती, ह्याचा निवाडा करणे कठीण आहे. आमच्या मते हाव अधिक होती.

कारण आत घेतल्यावर काय घडले ते पाहा. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. त्याचा विटाळ कोणास झाला नाही. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या पेल्यातून दिला जाई. जेवणास ताट वेगळे, मेज वेगळे. हातपाय धुण्यास पाणी द्यावयाचे तर तेही अस्पृश्य नोकराने, मैदानाच्या कोपऱ्यात. चेंडू त्याच बोटांतून सुटत होता, पेलाही त्याच बोटांनी धरावयाचा होता. हे त्या सुशिक्षित मंडळींच्या ध्यानी आले नसेल असे आम्हांस वाटत नाही.

बाळूंच्या गोलंदाजीवर हिंदू क्लबाने पूना जिमखान्यास हरविले. त्यानंतर साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याशी सामना झाला. त्यांनी म्हणे आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी गुळगुळीत करून ठेविली, तरी बाळूंनी सात गडी बाद केले. परतल्यावर पुण्यात जो सत्कार झाला, त्यात न्यायमूर्ती रानडे यांनी सहकाऱ्यांना खडसावले की, ज्याच्यासह खेळता त्याच्यासह खाण्यापिण्यास हरकत कसली? लोकमान्यांनीही पुढे बाळूंचा जाहीर गौरव केला. मातीचा पेला हळूहळू मागे पडला.

नंतर बाळू मुंबईस आले, रेल्वेत नोकरीस लागले व परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. तेथेही प्रवेशाच्या वेळी कुरकुर झालीच. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू व युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या २४२ व १६० धावा, युरोपियनांच्या १९१ व १०२. विजय १०९ धावांनी. बाळूंचे धाकटे बंधू शिवराम हेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्याने तेवीसपैकी पंधरा सामने गमावले. परंतु दुखऱ्या खांद्यानिशी बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले.

इतके होऊनही एक गोष्ट त्यांना मिळाली नाही. सर्वांत ज्येष्ठ असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांजकडे आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारप्रसंगी सांगितले की, हा मान वास्तविक बाळूंचा होता. हे सांगण्यास धैर्य लागते. १९२० साली बाळूंना संघातून वगळले आणि पै आजारी असताना कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेले; तेव्हा शिवराम व विठ्ठल ह्या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला. अखेर पै परत आले, बाळू उपकर्णधार झाले, आणि अंतिम सामन्यात पै अधूनमधून मैदानाबाहेर गेल्याने बाळूंनी तेवढा वेळ संघ चालविला. पुढे १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघ विजयी झाला. ह्याच विठ्ठलांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते. १९३७ साली मुंबई विधानसभेसाठी काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. दोघेही एकाच दुःखातून वर आलेले. मार्ग मात्र भिन्न. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ग्रेग व आंबेडकर हे त्यांचे दोन्ही मोठे प्रतिस्पर्धी आमच्या मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेले होते, हा योगायोग आम्हांस मोठा नवलाचा वाटतो. खांडव्याहून महू काही फार दूर नाही.

४ जुलै १९५५ रोजी पालवणकर बाळू मुंबईत निवर्तले. प्रथम श्रेणीच्या तेहेतीस सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी नोंदलेले आहेत. ग्रेगला सरावात किती वेळा बाद केले, त्याची नोंद कोणी ठेविली नाही.