अंधपंगूंचे यजमान श्रीगाडगे महाराज

श्रीगाडगे महाराज आपल्या सभासद-कुटुंबांस कीर्तनकार आणि ग्रामस्वच्छतेचे पुरस्कर्ते म्हणून परिचित आहेत. परंतु ज्या घरात अंध अथवा पंगू मनुष्य आहे, किंवा ज्याचे कर्ते माणूस दवाखान्यात पडले आहे, त्या घरासाठी महाराजांनी काय केले याचा उल्लेख त्या मानाने थोडा होतो. येथे मुख्यत्वे तेवढाच भाग मांडावयाचा आहे.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. डेबू लहान असतानाच वडील व्यसनापायी गेले आणि आई सखुबाई मुलास घेऊन दापुऱ्यास आपल्या भावाकडे आली. पुढे मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. कर्त्याच्या पश्चात घरावर काय कोसळते, हे महाराजांस पोथीतून शिकावे लागले नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा व फुटके गाडगे. त्या गाडग्यावरूनच नाव पडले.

पूर्णाकाठी ऋणमोचन येथे पौषातील रविवारी यात्रा भरे. तेथे महाराज अंध, पंगू व कुष्ठरोगी यांस एकत्र करून जेवू घालीत. पै-पैसा अंगावर टाकून पुढे जाण्याची आपली रीत त्यांस मान्य नव्हती. लोक ज्यांच्या सावलीस भीत, त्यांस महाराज स्वहस्ते न्हाऊ घालीत, वस्त्र देत आणि मग सन्मानाने पंगतीस बसवीत. पूजाअर्चेच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्यास यात षोडशोपचारांचाच क्रम दिसतो. आवाहन, आसन, स्नान, वस्त्र, नैवेद्य. मूर्ती तेवढी निराळी!

१९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता पुत्र गोविंद गेल्याची वार्ता आली. महाराजांनी कीर्तन थांबविले नाही. या प्रसंगाचे वर्णन करताना त्यांच्या वैराग्याची थोरवी सर्वजण गातात, आणि ते योग्यच आहे. परंतु पतीच्या पश्चात संसार ओढणाऱ्या कुंताबाईंस तो शोक कसा गेला असेल, इकडे फारसे कोणी वळत नाही. त्या माउलीचे स्मरणही येथे केले पाहिजे.

महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ उभारलेली धर्मशाळा मात्र यात्रेकरूंसाठी नव्हे, रुग्णांच्या नातलगांसाठी होती. खेड्यातून आलेल्या रोग्यास रुग्णालयात खाट मिळते. त्याच्या म्हाताऱ्या आईने वा बायकोने रात्री कोठे पडावे, चूल कोठे मांडावी? रोगी दगावला तर परक्या शहरात तिला धीर कोणी द्यावा? ही अडचण त्यांनी ओळखली. स्वतः मात्र ते अशा इमारतींत राहत नसत, बाहेर झाडाखाली निजत. आप्तांचाही तेथे हक्क ठेवला नाही.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस नेत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावतीस गाडगेनगरात आहे. त्यांच्या पश्चात मुंबईस दादर येथे त्यांच्या नावाने आणखी एक धर्मशाळा झाली. टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे कर्करोगी व त्यांची माणसे तेथे उतरतात.