लोकक्षोभाला संयमाची शिस्त देणारे एस. एम. जोशी

अहिंसेचे व्रत एकट्याने पाळणे कठीण. क्षुब्ध झालेल्या हजारोंच्या समुदायाकडून ते पाळवून घेणे त्याहूनही कठीण. हे अवघड कार्य करून दाखविणाऱ्या लोकनेत्यांत श्रीधर महादेव तथा एस. एम. जोशी यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

१२ नोव्हेंबर १९०४ रोजी जुन्नर येथे जन्मलेले एस. एम. १९२९ मध्ये पुण्याच्या पर्वती मंदिर प्रवेश सत्याग्रहात सहभागी झाले. १९३० मध्ये त्यांनी स्वातंत्र्यासाठी कारावास पत्करला. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाची धुरा वाहताना शिस्तबद्ध स्वयंसेवक घडविण्याचा अनुभव त्यांना लाभला.

फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एस. एम. तिचे सरचिटणीस झाले. आंदोलनात शंभराहून अधिक जणांनी प्राण गमावले होते. जखमा ताज्या होत्या. अशा वेळी ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करण्यास येणार होते. मराठी जनतेची मागणी त्यांच्यासमोर मांडण्यासाठी समितीने निदर्शनांचा निर्णय घेतला. एखादा दगड भिरकावला गेला असता, तरी पुन्हा रक्तपात होऊन न्याय्य मागणी कलंकित झाली असती. शांततेची ही जबाबदारी एस. एम. यांनी शिरावर घेतली.

त्या दिवशी वाई आणि पसरणीच्या घाटात हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. घोषणा झाल्या, निषेध व्यक्त झाला. परंतु पंतप्रधानांचा प्रवास निर्विघ्न पार पडला. लोकांचा रोष आणि त्यांचा संयम, दोन्ही दिल्लीपर्यंत पोहोचले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या यशात अनेकांचा त्याग होता, तसाच या संयमाचाही वाटा होता.

१ एप्रिल १९८९ रोजी पुण्यात एस. एम. यांचे देहावसान झाले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गजबजलेल्या रस्त्यांवरून महावीर जन्मकल्याणकाची शोभायात्रा काढताना रीतसर परवानगी, नेमलेले स्वयंसेवक आणि वाहतुकीस मोकळी वाट यांचे महत्त्व आपले कार्यकर्ते जाणतात. आनंदाच्या प्रसंगी ही शिस्त सहज साधते. दुःख आणि संताप उसळलेला असतानाही ती टिकविणे, हीच अहिंसेची खरी कसोटी होय. एस. एम. त्या कसोटीस उतरले. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!