अडखळणारा वक्ता

ग्रीसमधील अथेन्स नगरात इ. स. पूर्व 384 मध्ये डेमॉस्थेनीसचा जन्म झाला. वडील सधन होते. तलवारी घडवण्याचा आणि पलंग तयार करण्याचा असे त्यांचे दोन कारखाने होते. मुलगा सात वर्षांचा असताना ते वारले. त्यांनी नेमलेल्या तीन पालकांनी मालमत्तेची अशी धूळधाण केली की, तो सज्ञान झाला तेव्हा जेमतेम बारावा हिस्सा त्याच्या हाती आला.

अथेन्सच्या न्यायालयात फिर्यादीने स्वतःच उभे राहून शेकडो पंचांसमोर आपली बाजू मांडावी, अशी रीत होती. डेमॉस्थेनीसला तर बोलणेच कठीण! त्याची जीभ अडखळे, ‘र’ हा वर्ण उमटत नसे, दम अपुरा पडे. तरीही इसेउस या कायदेपंडिताकडे शिकून त्याने विसाव्या वर्षाच्या सुमारास पालकांवर दावा लावला व जिंकला. वसुली मात्र फारच थोडी झाली.

पुढे नागरिकांच्या सभेत तो भाषणास उभा राहिला, तेव्हा लोक हसले. खिन्न होऊन परतताना सॅटिरस नावाचा नट त्याला भेटला. त्याने डेमॉस्थेनीसकडून नाटकातील एक उतारा म्हणवून घेतला व मग तोच स्वतः म्हणून दाखवला. शब्द तेच, पण परिणाम निराळा! त्यानंतर डेमॉस्थेनीसने तळघरात अभ्यासिका केली. बाहेर जाण्याची लाज वाटावी म्हणून तो अर्धे डोके भादरून घेई. तोंडात खडे धरून तो बोले, चढ चढताना उतारे म्हणे, समुद्रकाठी लाटांच्या गर्जनेवर आवाज चढवी. चरित्रकार प्लुटार्क याने हे सुमारे चारशे वर्षांनंतर लिहिले. त्यात काही अतिशयोक्ती असेल. पण खड्यांची गोष्ट वृद्ध डेमॉस्थेनीसनेच एका समकालीन विद्वानाला सांगितली होती, अशी नोंद तो करतो. तोतरेपणावरील आजच्या उपचारांत मात्र खड्यांना स्थान नाही.

इ. स. पूर्व 351 मध्ये मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याविरुद्ध त्याने केलेल्या भाषणाने अथेन्सला संकटाची जाणीव करून दिली. भीती मात्र कायमची गेली नव्हती. इ. स. पूर्व 346 मध्ये दहा दूतांचे शिष्टमंडळ फिलिपकडे गेले. डेमॉस्थेनीसची पाळी शेवटी आली. काही वाक्ये बोलून तो थबकला आणि शब्दच विसरला. फिलिपने धीर दिला, तरी त्याला पुढे बोलता येईना. ही हकिकत त्याचा प्रतिस्पर्धी एस्किनीस याने सांगितली आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. आयत्या वेळी बोलणे तो एरवीही टाळीच. त्याच्या भाषणांना दिव्याच्या तेलाचा वास येतो, अशी थट्टा होई.

या फजितीनंतरही तो सभेत उभा राहतच गेला. त्याच्या शब्दांवर थीब्ज नगर अथेन्सच्या बाजूने लढले. इ. स. पूर्व 338 मध्ये केरोनियाच्या रणात दोघांचाही पराभव झाला. तरी मृत सैनिकांना श्रद्धांजली वाहण्यासाठी अथेन्सने त्यालाच निवडले. इ. स. पूर्व 330 मध्ये भरन्यायालयात एस्किनीसशी सामना झाला. एस्किनीसला एक पंचमांश मतेही मिळाली नाहीत आणि तो नगर सोडून गेला.

फिलिप व त्याचा पुत्र अलेक्झांडर यांच्या मृत्यूनंतरही मॅसिडोनियाची सत्ता टिकली. इ. स. पूर्व 322 मध्ये डेमॉस्थेनीसला देहदंड फर्मावण्यात आला. तो कॅलॉरिया बेटावरील समुद्रदेवाच्या मंदिरात आश्रयाला गेला. त्याला पकडण्यास आलेला आर्किअस हा पूर्वी नटच होता. त्याच्या गोड आश्वासनांना डेमॉस्थेनीस भुलला नाही. घरी पत्र लिहावयाचे आहे, असे सांगून तो आत गेला आणि बोरूत लपवलेले विष त्याने घेतले.