जॉर्ज हॅरोल्ड पॉवेल

जॉर्ज हॅरोल्ड पॉवेल (१८७२ – १९२२) हे अमेरिकन फळबागशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातील संत्री वाहतुकीत का सडतात याचा त्यांनी केलेला शोध काढणीपश्चात हाताळणीच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. आयुष्याच्या अखेरच्या दशकात ते कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज या बागायतदारांच्या सहकारी संघाचे सरव्यवस्थापक होते. सनकिस्ट ही या संघाची व्यापारी मुद्रा.

पूर्वायुष्य

पॉवेल यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील गेंट येथे झाला. वडील जॉर्ज टी. पॉवेल हे स्वतः फळबागायतदार होते आणि शेतकऱ्यांच्या प्रशिक्षण मेळाव्यांतून मार्गदर्शन करीत. कॉर्नेल विद्यापीठातून शिक्षण घेतल्यावर पॉवेल यांनी काही वर्षे डेलावेअर येथे उद्यानविद्येचे काम केले. १९०१ मध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्यात रुजू झाले. तेथे त्यांनी प्रथम सफरचंद, नासपती व पीच यांच्या शीतगृहातील साठवणुकीचा अभ्यास केला. तोडणी आणि थंडावा यांच्यामध्ये जितका उशीर होतो, तितके फळाचे आयुष्य घटते, असे या कामातून दिसून आले. फळ बागेत कसे हाताळले गेले, यावर शीतगृहातील त्याचे भवितव्य बरेचसे ठरते ही पॉवेल यांची दृष्टी येथेच घडली.

संत्र्यांच्या सडीचा शोध

कॅलिफोर्नियातील संत्री रेल्वेने सुमारे ३,००० मैल दूर असलेल्या पूर्वेकडील बाजारपेठांत जात. पोहोचेपर्यंत पेट्यांतील बरीच फळे निळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली असत आणि बागायतदारांचे दरवर्षी लक्षावधी डॉलरांचे नुकसान होई. बागायतदार याचा दोष दमट हवामानाला देत, गाड्यांच्या दिरंगाईला देत, बर्फाच्या अपुऱ्या सोयीला देत. या सर्व गोष्टी त्यांच्या बागेबाहेरच्या होत्या, हे विशेष.

१९०४ मध्ये पॉवेल रिव्हरसाइड परिसरात आले. त्यांनी तोडणीपासून पेटी भरेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरील फळे तपासली, इजा झालेली आणि निर्दोष फळे वेगवेगळ्या पेट्यांत भरून पूर्वेकडे रवाना केली आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्यांतील सडलेली फळे मोजली. निष्कर्ष निर्विवाद होता. ही बुरशी अखंड सालीतून सहसा आत शिरू शकत नाही; तिला जखम लागते. ती जखम टोकदार कात्रीने होई, मजुराच्या नखाने होई, लांब राहिलेला देठ शेजारच्या फळाला टोचल्याने होई, पेटीच्या तळाशी पडलेल्या खड्यांनी व काटक्यांनी होई, आणि पॅकिंग हाउसमधील घासणीने व उंचावरून फळ टाकल्यानेही होई. डोळ्यांना क्वचितच दिसणारा ओरखडा बीजाणूंना पुरेसा असे.

मजुरीचा प्रश्न

पॉवेल यांच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग याच्या पुढचा आहे. फळांना इजा होते हे सांगून ते थांबले नाहीत. ती का होते हेही त्यांनी दाखवले. तोडणीची मजुरी पेटीमागे दिली जात असे, त्यामुळे जो घाई करील त्याला जास्त पैसे मिळत. म्हणजे बागायतदार स्वतःच्याच पैशाने आपली फळे जखमी करून घेत होता. पॉवेल यांनी रोजंदारीचा, हातमोज्यांचा आणि बोथट टोकाच्या कात्र्यांचा आग्रह धरला. तोडणी कंत्राटदारावर न सोपवता संस्थेच्या देखरेखीखालील टोळ्यांकडून करवून घ्यावी, असेही त्यांनी सुचवले.

रिव्हरसाइडचे बागायतदार बहुधा सुशिक्षित व सधन होते. तरीही सडीचे मूळ आपल्याच बागेत आहे हे पटवणे सोपे नव्हते. पॉवेल यांनी त्यांच्याच पॅकिंग हाउसमध्ये, त्यांच्याच फळांवर प्रयोग करून दाखवले. काळजीपूर्वक हाताळलेल्या फळांच्या पेट्या उत्तम स्थितीत पोहोचू लागल्या, तेव्हा पद्धती बदलल्या. डब्यात भरण्यापूर्वी फळे थंड करण्याच्या, म्हणजे पूर्वशीतकरणाच्या प्रयोगांनाही याच कामातून चालना मिळाली. मात्र थंडीने सड केवळ लांबते, जखम भरून येत नाही, यावर त्यांचा भर कायम राहिला. संत्र्यांच्या सडीवरील त्यांचा सविस्तर अहवाल १९०८ मध्ये कृषी खात्याने प्रसिद्ध केला.

सहकारी चळवळ

पुढे सरकारी नोकरी सोडून पॉवेल बागायतदारांच्या संघटनेत आले आणि १९१२ मध्ये एक्स्चेंजचे सरव्यवस्थापक झाले. एकट्या शेतकऱ्याला तोडणीची शिस्त, प्रतवारी आणि विक्री ही तिन्ही ओझी पेलत नाहीत, अशी त्यांची धारणा होती. शेतीतील सहकारावरील त्यांचे पुस्तक १९१३ मध्ये प्रकाशित झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हर्बर्ट हूवर यांच्या अन्न प्रशासनात नाशवंत पदार्थांचा विभाग त्यांच्याकडे होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कॅलिफोर्नियातून त्यांनी पत्नीला लिहिलेली पत्रे १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळातील संत्राबागांच्या इतिहासासाठी ती उपयुक्त साधन ठरली आहेत. ग्रंथपाल व लेखक लॉरेन्स क्लार्क पॉवेल हे त्यांचे पुत्र होत.