लोकवर्गणीचा विश्वस्त : संत गाडगेबाबा

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात परिषदा, सत्याग्रह, ठराव आणि कायदे यांची नोंद तपशिलाने आढळते. परंतु या साऱ्या कार्यासाठी लागणारा पैसा कोणी, कोणाकडून आणि कसा गोळा केला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक बहुजन समाजाच्या बहुतेक संस्था राजाश्रयापेक्षा लोकाश्रयावरच उभ्या राहिल्या. पसाभर धान्य, चार आणे, एक दिवसाची मजुरी ही त्यांची खरी पायाभरणी होय. या लोकवर्गणीचा नीतिधर्म ज्यांनी आपल्या आचरणाने घालून दिला, त्यांत संत गाडगेबाबांचे स्थान फार वरचे आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील एका गरीब कुटुंबात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. व्यसनाने वडिलांचा अकाली बळी घेतला आणि आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरच्या गावी आली. तेथे मामाच्या घरी गुरे राखणे आणि शेतात राबणे हेच डेबूजींचे विद्यालय झाले. अक्षरओळख नसलेल्या मामाची जमीन सावकाराच्या व्यवहारात गेली. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणारा माणूस आपल्याच घामाला कसा मुकतो, याचा हा धडा त्यांना ऐन तारुण्यात मिळाला. पुढील आयुष्यात कर्ज, दारू आणि निरक्षरता यांविरुद्ध त्यांची वाणी जी धारदार झाली, तिचे मूळ या अनुभवात आहे. हिशेबाच्या चोखपणाविषयी ते जे कठोर राहिले, त्याचेही मूळ येथेच शोधावे लागते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि सोबत मातीचे गाडगे, असा त्यांचा वेश होता. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. परंतु हा संन्यास अरण्यात जाण्यासाठी नव्हता, तो गावात येण्यासाठी होता. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी घाटाचे काम हाती घेतले आणि ते लोकांच्या पैशाने व श्रमाने तडीस नेले. कर्जापायी उद्ध्वस्त झालेले घर पाहिलेल्या माणसाचे पहिले मोठे सार्वजनिक काम ऋणमोचन नावाच्या गावी घडावे, हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो.

निधी उभारण्याची त्यांची रीत समजून घेण्याजोगी आहे. बाबा गावात येत ते हात पसरून नव्हे, तर खराटा घेऊन. दिवसभर रस्ते, गटारे, उकिरडे झाडले जात. पाहणाऱ्यांपैकी कोणी लाजून, कोणी कौतुकाने हाती झाडू घेई. सायंकाळी त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन होई. वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत ते नवस, पशुबळी, हुंडा, सण-लग्नांसाठी काढलेले कर्ज आणि अस्पृश्यता यांचा समाचार घेत. आधी गावाची सेवा, नंतर गावाचे प्रबोधन आणि मग गावाकडे मागणे, असा हा क्रम होता. त्यामुळे देणाऱ्याला आपण भीक घालतो असे वाटत नसे. आपल्याच कामाला आपण हातभार लावतो, अशी त्याची भावना होई. श्रीमंत व्यापारी मोठ्या रकमा देत, शेतकरी धान्य देई आणि ज्याच्याजवळ काहीच नसे तो अंगमेहनत देई. बाबांच्या लेखी या सर्व देणग्या सारख्याच मोलाच्या होत्या.

मात्र या रीतीचा खरा कणा पैसा जमल्यानंतर दिसे. जमलेला निधी बाबा स्वतःजवळ ठेवीत नसत. तो पंचांच्या व विश्वस्तांच्या स्वाधीन होई. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या, पण त्यांपैकी एकाही वास्तूवर आपला किंवा आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, याची त्यांनी कटाक्षाने काळजी घेतली. पत्नी कुंताबाई आणि मुली गरिबीतच राहिल्या. हजारोंच्या पंगती उठवणारा हा माणूस स्वतः मागून आणलेली भाकरी खाई. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यांना ते दूर सारीत आणि आपला कोणी शिष्य नाही असे बजावीत. लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला तो चमत्कारांमुळे नव्हे. त्यांच्या घरी पैसा जात नाही, हे सर्वांना उघड दिसत होते.

या वास्तूंपैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या नगरीत संत चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे आणि जेथील मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले, तेथे वारीला आलेल्या आमच्या पूर्वजांना डोके टेकवायला तर सोडाच, पाठ टेकवायलाही जागा नव्हती. बाबांनी ही उणीव ओळखली आणि लोकवर्गणीतून अस्पृश्य यात्रेकरूंसाठी हक्काचे छप्पर उभे केले.

पुढे १९४९ साली हीच धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. या निर्णयाचा इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने विचार करावयास हवा. वास्तू उभी राहिली होती यात्रेकरूंसाठी. ती गेली विद्यार्थ्यांकडे. देणाऱ्यांच्या हेतूशी ही प्रतारणा होती काय? माझ्या मते नव्हती. आपल्या माणसाला परक्या गावी सुरक्षित निवारा मिळावा, हा मूळ हेतू होता. बदलला तो प्रवास. एका पिढीची वाट मंदिराच्या पायरीपर्यंत जात होती, तर पुढच्या पिढीची वाट शाळा-महाविद्यालयाकडे वळली होती. घरची भांडी विकावी लागली तरी चालेल, पण मुलांना शिकवा, असे बाबा आपल्या कीर्तनांतून सांगत आणि शिक्षणाच्या बळावर काय घडते याचे उदाहरण म्हणून बाबासाहेबांचे नाव घेत. विठ्ठलनामाच्या गजरात कीर्तन करणारे बाबा आणि धर्मचिकित्सा करून बुद्धाच्या मार्गाकडे निघालेले बाबासाहेब यांच्या वाटा वेगळ्या होत्या. तरीही वसतिगृहाच्या उंबरठ्यावर त्या वाटा एकत्र आल्या.

१९५२ साली बाबांच्या संस्थांच्या कारभारासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेच्या कऱ्हाड येथील महाविद्यालयाला १९५४ साली बाबांचेच नाव देण्यात आले. स्वतः शाळेत न गेलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला लाभावे, याहून मोठी पदवी कोणती? ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे झालेले त्यांचे अखेरचे कीर्तन ध्वनिमुद्रित स्वरूपात आजही ऐकावयास मिळते. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावनजीक बाबांनी देह ठेवला. एका महिन्यात महाराष्ट्र दोनदा पोरका झाला.

या चरित्राकडे आपण माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव म्हणून पाहिले, तर ते आपल्याला काही प्रश्न विचारते. आपल्या वस्त्यांतून आजही वर्गणी निघते, आणि ती मोलमजुरी करणाऱ्या घरांतून निघते. जयंतीच्या रात्री ध्वनिक्षेपकाच्या भिंतींवर आणि रोषणाईवर त्यातील किती खर्च होते आणि एखाद्या मुलीच्या वसतिगृहातील वर्षभराच्या भोजनासाठी किती उरते? उत्सव संपल्यावर जमाखर्च वस्तीपुढे वाचला जातो काय? वर्गणी मागणारा तरुण मागण्यापूर्वी वस्तीसाठी दिवसभर राबतो काय? उत्सवाला माझा विरोध नाही, कारण अभिवादन हा कृतज्ञतेचा भाग आहे. परंतु ज्या दानाने उद्याचा माणूस उभा राहतो, ते दान श्रेष्ठ, हे पंढरपूरच्या त्या धर्मशाळेने दाखवून दिले आहे.

निवासी शाळेतील प्रत्येक खोली, प्रत्येक ताट आणि प्रत्येक पुस्तक कोणाच्या तरी घामातून आलेले असते. ज्यांनी ते दिले, त्यांपैकी अनेकांना स्वतःला शिकता आले नाही. त्यांची नावे संगमरवरी फलकावर सापडणार नाहीत. त्या अनाम देणाऱ्यांच्या वतीने विश्वस्त म्हणून राहणे, हेच गाडगेबाबांना खरे अभिवादन ठरेल.